एअर रायफलची पेलेट निवडताना: पुण्यातल्या नव्या नेमबाजांसाठी

१० मीटर एअर रायफल शिकायला लागलेल्या मुलामुलींचा, आणि त्यांच्याहून जास्त त्यांच्या आईवडिलांचा, एक प्रश्न ठरलेला असतो: पेलेट, म्हणजे एअर रायफलची शिशाची छोटी गोळी, कोणती घ्यायची? दुकानात गेलं की एकाच कंपनीच्या तीन-चार डब्या समोर येतात. रंग वेगळे, किंमत वेगळी, एकीवर ४.४९ लिहिलेलं, दुसरीवर ४.५०. शेजारच्या लेनवरचा दादा एक नाव सांगतो, क्लबमधली ताई दुसरंच. शेवटी जी सर्वांत महाग ती चांगली असणार, असं म्हणून पैसे मोजले जातात. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो: कोणती पेलेट घ्यायची ते तुमच्या रायफलचं बॅरल (नळी) ठरवतं, दादा, ताई किंवा दुकानदार नाही. आणि बॅरलला विचारण्याची एक योग्य वेळ असते. त्याआधी विचारलं तर त्याचं उत्तर तुम्हाला ऐकूच येत नाही.

परदेशातले रायफलवाले स्वतःची काडतुसं स्वतः भरतानाचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. गोळी काडतुसात किती खोल बसवायची, बॅरलमधल्या खाचा सुरू होतात तिथपासून तिचं तोंड किती अलीकडे ठेवायचं, हे ते केसाएवढं कमी-जास्त करत राहतात आणि प्रत्येक वेळी ग्रुप, म्हणजे लागोपाठच्या गोळ्यांची भोकं किती जवळजवळ पडली ते, मोजतात. आपल्याकडे हा रस्ता बंद आहे. शस्त्र अधिनियम १९५९च्या कलम ५ प्रमाणे परवान्याशिवाय दारूगोळा बनवता येत नाही, तेव्हा घरी काडतूस भरण्याचा विचार डोक्यातूनच काढा. पण त्यांचा मूळ प्रश्न आपलाही आहे. शिशाचा तो तुकडा बॅरलमध्ये शिरताना सरळ बसतो की तिरका, घट्ट की सैल, आणि दर वेळी तसाच बसतो का? एअर रायफलमध्ये याचं उत्तर दोन ठिकाणी आहे: पेलेटच्या निवडीत आणि ती भरण्याच्या सवयीत.

जाता जाता कायद्याचं एक. ४.५ मिमी म्हणजे .१७७ बोअरची आणि २० ज्यूलपेक्षा कमी ऊर्जेची एअर रायफल शस्त्र नियम २०१६ प्रमाणे परवान्याशिवाय ठेवता येते. स्पर्धेची रायफल ०.५३ ग्रॅमची पेलेट सेकंदाला साधारण १७० ते १७५ मीटर वेगाने सोडते, म्हणजे ऊर्जा ८ ज्यूलच्या आसपास भरते. परवाना लागत नाही म्हणून ते खेळणं होत नाही. बिल जपून ठेवा, रायफल नेहमी बंद केसमधून न्या, आणि रेंजबाहेर ती कधीही उघडू नका.

पेलेट नीट बघा

एक पेलेट तळहातावर घ्या. पुढे सपाट तोंड, मध्ये बारीक कंबर, मागे पोकळ घेर. सपाट तोंडामुळे कागदावर स्वच्छ गोल भोक पडतं. पुढच्या भागाला हेड म्हणतात, मागच्या घेराला स्कर्ट. हेड बॅरलमधल्या खाचांच्या कडांवर टेकून सरकतं आणि पेलेट मध्यावर धरून ठेवतं. स्कर्टची भिंत पातळ असते. मागून हवेचा दाब आला की ती किंचित फुगते, बॅरलला चिकटते आणि हवा निसटू देत नाही. डबीवरचा ४.४९ किंवा ४.५० हा आकडा हेडच्या व्यासाचा, मिलिमीटरमध्ये.

हेड बॅरलच्या मानाने बारीक असेल तर पेलेट किंचित डुलत जाते. जाड असेल तर घासत जाते आणि वेग दर वेळी थोडा बदलतो. ‘४.५० चांगली की ४.४९ चांगली’ या प्रश्नाला म्हणूनच सरसकट उत्तर नाही. एकाच कंपनीच्या, एकाच मॉडेलच्या, लागोपाठ क्रमांकाच्या दोन रायफलींनाही वेगवेगळ्या पेलेट्स आवडू शकतात.

वजनाचा गोंधळ मात्र लगेच मिटवता येतो. रायफलसाठी ०.५३ ग्रॅमच्या आसपासची घ्या. आरडब्ल्यूएस या कंपनीची आर-१० रायफलसाठी ०.५३ ग्रॅममध्ये येते आणि पिस्तूलसाठी ०.४५ ग्रॅममध्ये. डब्या दिसायला सारख्याच असतात, त्यामुळे घाईत पिस्तूलची डबी घरी येते. डबीवरचं वजन वाचा. टोकदार किंवा गोल तोंडाच्या पेलेट्स आपल्या खेळासाठी नाहीत, कितीही स्वस्त मिळाल्या तरी.

आधी होल्ड (रायफल स्थिर धरणं), मग पेलेट

हा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे आणि नेमका हाच सगळे टाळतात.

टार्गेटचं गणित आधी समजून घ्या. १०ची खूण म्हणजे अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका. पेलेटचं केंद्र टार्गेटच्या केंद्रापासून २.५ मिमीच्या आत पडलं तर किमान १०.०. त्यापुढे प्रत्येक ०.१ गुणासाठी पाव मिलिमीटर आत यावं लागतं: १.२५ मिमीच्या आत १०.५, अर्ध्या मिमीच्या आत १०.८, पाव मिमीच्या आत १०.९. बीजिंगला २००८ साली अभिनव बिंद्रा यांनी सुवर्णपदक जिंकताना शेवटची गोळी १०.८ मारली, म्हणजे केंद्रापासून जेमतेम अर्धा मिलिमीटर. आपला खेळ या मापाचा आहे.

आता समजा, एक पेलेट तुमच्या रायफलमधून क्लॅम्पवर (रायफल घट्ट पकडणाऱ्या शिकंज्यात) २ मिमीचा ग्रुप देते आणि दुसरी १ मिमीचा (दोन सर्वांत लांबच्या भोकांच्या केंद्रांमधलं अंतर). दुसरी उघडच चांगली. पण तुमच्या हातून, उभं राहून, ग्रुप १५ मिमीचा पडत असेल तर? तुमची चूक आणि पेलेटची चूक थेट बेरीज होऊन येत नाहीत. ढोबळमानाने दोघांचे वर्ग करायचे, मिळवायचे आणि वर्गमूळ काढायचं. पहिल्या पेलेटने एकूण १५.१३ मिमी, दुसरीने १५.०३. फरक एक दशांश मिलिमीटर. तो तुम्हाला दिसणार नाही आणि स्कोअरलाही कळणार नाही. उलट ज्या मुलीचा होल्ड ३ मिमीवर आला आहे, तिच्यासाठी हेच आकडे ३.६ आणि ३.२ होतात. ६० गोळ्यांच्या मॅचमध्ये एवढ्याने क्रमवारीत वरखाली होतं.

म्हणून माझा सल्ला असा. सुरुवातीचे महिने कोणत्याही नावाजलेल्या कंपनीची एकच साधी मॅच पेलेट धरा आणि ती बदलू नका. पेलेट्सचे प्रयोग करण्याऐवजी तो पैसा बरोबर मापाच्या जॅकेटवर, बुटांवर आणि कोचच्या वेळेवर खर्च करा. पोझिशन, श्वास, ट्रिगर आणि गोळी सुटल्यानंतर रायफल क्षणभर तशीच धरून ठेवणं, या चारांतून जे गुण मिळतात ते कोणत्याही डबीत नाहीत. सरावात सरासरी सातत्याने १०च्या वर राहू लागली, आणि ‘ही माझी चूक नव्हती’ असं तुम्हाला काही गोळ्यांबद्दल खात्रीने वाटू लागलं, की पेलेट टेस्टिंगची वेळ झाली. त्याआधी कोच नाही म्हणत असतील तर त्यांचं ऐका.

आईबाबांना एक विनंती. मुलाचा स्कोअर पडला की दुसऱ्या दिवशी नवी डबी आणू नका. स्कोअर सामानामुळे पडतो असं त्याला एकदा वाटायला लागलं, की ते मनातून काढायला फार वेळ लागतो.

भरण्याची सवय

ही गोष्ट मात्र पहिल्या दिवसापासून शिकायची आहे, आणि तिला एक पैसाही लागत नाही.

डबीतून थोड्या पेलेट्स लेनवरच्या ट्रेमध्ये काढा. डबी उपडी करून ओतू नका, शिसं फार मऊ असतं. प्रत्येक पेलेट भरण्याआधी मागून बघा. ट्यूबलाइटखाली ती जरा तिरपी धरली की स्कर्टची कडा चमकते. कडा पूर्ण गोल दिसली तर ठीक. कुठे चपटी झाली असेल, बारीक चीर असेल किंवा आत शिशाचा कीस अडकला असेल, तर ती बाजूला टाका. दोन सेकंदांचं काम आहे. अशा बाजूला टाकलेल्या पेलेट्स सराव सुरू करताना रायफल गरम करायला चालतात, मोजण्याच्या गोळ्यांना नाही. जमिनीवर पडलेली पेलेट उचलून भरू नका. तिला लागलेली वाळू बॅरलमध्ये जाते.

पेलेट कंबरेशी हलक्या चिमटीत धरा, हेड पुढे, आणि लोडिंगच्या खोबणीत सरळ ठेवा. मग लीव्हर किंवा बोल्ट एका संथ वेगाने बंद करा. बोल्टचं टोक पेलेटला ढकलून बॅरलच्या तोंडात बसवतं. पेलेट वाकडी असेल तर इथेच स्कर्टला घाव बसतो, आणि हाताला किंचित अडकल्यासारखं जाणवतं. तसं जाणवलं की जोर लावून बंद करू नका. तोंड टार्गेटकडे ठेवूनच लीव्हर उघडा आणि कोचना बोलवा. काडतुसं भरणारे गोळीची खोली मापून ठरवतात. आपल्याकडे ती खोली बोल्टची लांबी ठरवते आणि तुमच्या हातात उरतं ते फक्त दर वेळी एकाच पद्धतीने बंद करणं. कधी धाडकन, कधी हळू असं चाललं तर पेलेट दर वेळी वेगळी बसते.

शिसं विषारी आहे. पेलेट तोंडात धरायची नाही, रेंजवर खायचं नाही, आणि सराव संपल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय डबा उघडायचा नाही. लहान मुलांच्या बाबतीत यात सूट नको.

टेस्टिंग कसं करायचं

बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडानगरीतली रेंज असो वा तुमच्या क्लबची, आधी कोचना आणि रेंज अधिकाऱ्यांना विचारून मोकळी वेळ घ्या. सकाळी लेन भरलेल्या असताना टेबल लावून बसू नका. दोन-तीन तास लागतील असं धरा.

रायफल धरायला क्लॅम्प असेल तर उत्तम. त्यासाठी ॲक्शन (बॅरल आणि ट्रिगरचा धातूचा भाग) स्टॉकमधून (दस्त्यातून) काढावी लागते, तेव्हा ते काम अनुभवी माणसाच्या हातून करून घ्या. नव्यांनी स्वतः स्क्रू सोडू नयेत, कारण परत घट्ट करताना किती पिळायचा याचंही ठरलेलं माप असतं. क्लॅम्प नसेल तर मजबूत टेबल आणि वाळूच्या दोन पिशव्या चालतील. एक पुढे स्टॉकखाली, एक मागे. बॅरल किंवा सिलिंडर (हवेची टाकी) पिशवीवर टेकवू नका. टेबल हलतं का ते आधी तपासा. पाय डुगडुगत असेल तर त्या दिवशी टेस्टिंग करू नका, आलेले आकडे फसवे असतील.

पिशव्यांवरून गोळी मारताना तुमचीही थोडी चूक मिसळते, म्हणून पिशव्यांचे ग्रुप क्लॅम्पच्या ग्रुपपेक्षा मोठे येणार. पेलेट्सची आपसात तुलना करायला ते तरीही उपयोगी असतात. मात्र सगळ्या पेलेट्स एकाच बैठकीत, एकाच माणसाने, एकाच पद्धतीने मारायच्या.

चार-पाच प्रकारांपेक्षा जास्त घेऊ नका. आर-१०, एच अँड एनची फिनाले मॅच, जेएसबीची मॅच अशांपैकी जे बाजारात खरोखर मिळतंय, आणि तुम्हाला पुढेही मिळत राहील, तेच. क्लबमधल्या मित्रांकडून पन्नास-पन्नास पेलेट्स मागून घेतल्या तर नवीन डब्या फोडाव्या लागत नाहीत. पुण्यातल्या रेंजवर ही देवाणघेवाण सहज होते, संकोच करू नका. फक्त प्रत्येकीच्या डबीमागच्या स्टिकरचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. त्यावर लॉटचा, म्हणजे एकत्र बनलेल्या खेपेचा, क्रमांक असतो, आणि पुढे तोच कामाला येणार आहे.

सुरुवात करण्याआधी बॅरलमधून दोन-तीन फेल्टच्या गोळ्या ओढून काढा किंवा कोच सांगतील तसं साफ करा. साफ केल्यावरच्या पहिल्या गोळ्या भरकटतात. पेलेट बदलली की पंधरा-वीस गोळ्या अशाच सोडा, म्हणजे आधीच्या पेलेटचा थर जाऊन नवीचा बसतो. त्या मोजू नका. मग दहा गोळ्यांचा ग्रुप मारा. पाचचा नको. पाच गोळ्या योगायोगाने एकाच भोकात जाऊ शकतात आणि तुम्ही उगाच त्या पेलेटच्या प्रेमात पडता. एकेका पेलेटचे असे किमान तीन ग्रुप हवेत.

तीन ग्रुप लागोपाठ मारू नका. सगळ्या पेलेट्सची एक फेरी करा, मग दुसरी, मग तिसरी. दुपारपर्यंत तुमचा खांदा थकतो, सिलिंडरचा दाब उतरतो, रेंजवर ऊन फिरतं. फेऱ्या केल्या की या सगळ्याचा भार एकाच पेलेटवर पडत नाही. सिलिंडर दर फेरीला त्याच दाबापर्यंत भरून घ्या. मधे साइटचा (नेम धरायच्या भागाचा) क्लिक फिरवू नका. ग्रुप १०वर पडला नाही तरी चालेल. आज आपण तो कुठे पडतो ते बघत नाही, किती लहान पडतो ते बघतोय. एक पेलेट वरती आणि दुसरी खाली मारते म्हणून कुठलीच वाईट ठरत नाही.

मोजणं सोपं आहे. इलेक्ट्रॉनिक टार्गेट असेल तर स्क्रीनचा फोटो पुरे. कागद असेल तर प्रत्येक ग्रुपला नवा कागद, कोपऱ्यात पेलेटचं नाव आणि फेरीचा क्रमांक. व्हर्नियर कॅलिपरने सर्वांत लांबच्या दोन भोकांच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर घ्या आणि त्यातून ४.५ वजा करा. साधा व्हर्नियर रविवार पेठेत बोहरी आळीच्या बाजूला हार्डवेअरच्या दुकानांत मिळतो, फार भारी घ्यायची गरज नाही. बाहेरून मोजलेला ग्रुप ६ मिमी आला तर केंद्रापासून केंद्रापर्यंत १.५ मिमी. क्लॅम्पवर दहा गोळ्यांसाठी हा चांगला ग्रुप आहे. ५.५च्या आसपास येणारा लॉट सापडला तर दुकानदाराला लगेच फोन करा.

निवडताना सर्वांत लहान एका ग्रुपकडे बघू नका. तिन्ही ग्रुपमध्ये जी पेलेट सगळ्यांत कमी बिघडली ती घ्या. एकीचे ग्रुप १.२, २.६, १.४ आणि दुसरीचे १.६, १.७, १.५ असतील तर मी डोळे झाकून दुसरी घेईन. मॅचमध्ये २.६वाला ग्रुप नेमका कधी येईल हे कुणी सांगत नाही. आणि दोघींमधला फरक फेरीगणिक उलटसुलट होत असेल, तर तो फरक नाहीच असं समजा आणि जी सहज व स्वस्त मिळते ती ठेवा.

पेलेट्स एकेक करून मिलिग्रॅमच्या काट्यावर तोलणारेही भेटतील. नव्या नेमबाजाने यात पडू नये असं मला वाटतं. चांगल्या कंपनीच्या एका लॉटमध्ये वजनाचा फरक फार नसतो, आणि तो वेळ ड्राय प्रॅक्टिसला (पेलेट न भरता केलेल्या सरावाला) दिला तर जास्त पदरात पडतं.

लॉट आणि साठवण

निवडलेल्या पेलेटचं नाव नाही, लॉट लक्षात ठेवायचा. त्याच नावाची, त्याच रंगाची नवीन डबी वेगळ्या साच्यातून आलेली असू शकते. डबीत ५०० पेलेट्स असतात. साइटिंग (नेम जुळवण्याच्या गोळ्या) धरून दर सरावाला ८० ते १०० लागतात, म्हणजे आठवड्याला चार दिवस जाणाऱ्याला महिन्याला तीन-चार डब्या. हिशेब करून मॅचच्या हंगामापुरत्या त्याच लॉटच्या डब्या एकदम घ्या, पाच-सहा जणांनी मिळून घेतल्या तर दुकानदारही ऐकतो. खिसा तेवढा नसेल तर टेस्ट केलेला लॉट मॅचला आणि मॅचच्या आधीच्या आठवड्याला राखून ठेवा, रोजच्या सरावाला साधी पेलेट वापरा. फक्त मॅचच्या सकाळी डबी बदलली असं होऊ देऊ नका. १५ मिनिटांच्या तयारी-साइटिंगच्या वेळात बॅरलला नवा थर बसवणं आणि झिरो काढणं (साइट जुळवून गोळ्या मध्यावर आणणं) दोन्ही जमत नाही.

कोथरूड किंवा हडपसरहून बालेवाडीला दुचाकीने जाणाऱ्यांनी डबी डिकीत टाकू नये. प्रत्येक गतिरोधकाला ५०० मऊ पेलेट्स एकमेकींवर आपटतात आणि स्कर्ट चेपतात. झाकणाखाली फोमची चकती बसवा, म्हणजे आत जागा उरत नाही, आणि डबी पाठीवरच्या सॅकमध्ये कपड्यांत गुंडाळून ठेवा. पावसाळ्यात झाकण घट्ट लावा, डबा मोठा असेल तर सिलिका जेलची पुडी टाका. ओल लागली की शिशावर पांढरी बुरशीसारखी भुकटी धरते. अशा पेलेट्स पुसून वापरू नका, टाकून द्या, आणि त्याही कचऱ्यात नव्हे तर रेंजवरच्या शिशाच्या डब्यात.

लॉटच्या शेवटच्या दोन डब्या उरल्या की पुढच्या लॉटचं टेस्टिंग करा, शेवटची डबी संपल्यावर नाही. जुना लॉट हातात असला की नव्याची तुलना त्याच बैठकीत, त्याच टेबलावर करता येते. जुन्याचे तीन ग्रुप, नव्याचे तीन, आणि त्याच वहीत पुढच्या पानावर नोंद.